बहुरूपी तबकडी

मावशीचा निरोप आला, "तुझ्याकडे सीडी चालवायचं काहीतरी असेलच, ह्या एकदा घेऊन जा." गेलो, तर कापडी पिशवीत अकरा तबकड्या. काही प्लॅस्टिकच्या डबीत, काही कागदी पाकिटात, दोन तर नुसत्याच एकमेकींना घासत पडलेल्या. वर मार्करने लिहिलेलं : 'लग्न १', 'लग्न २', 'मुंज', 'बारसं', 'आप्पांची पंच्याहत्तरी'. तक्रार साधी होती. दुकानातून विकत आणलेल्या नाटकांच्या सीडी मावशीच्या प्लेअरवर अजून चालतात, घरच्या मात्र एकही धड चालत नाही. एक घातली की पडद्यावर 'नो डिस्क'. दुसरी सुरू होते आणि अर्ध्यात अडकते. तिसरीत मंगलाष्टकं स्वच्छ, आणि ऐन पाठवणीला सगळ्यांच्या तोंडांचे चौकोन. "लेन्स गेली असेल," मावशीने निदानही करून ठेवलं होतं.

त्या पिशवीपायी माझे बरेच रविवार गेले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. दुकानातली तबकडी आणि घरी राईट केलेली तबकडी दिसायला जुळ्या बहिणी असल्या तरी दोघींची घडण अगदी वेगळी आहे. लहानपणी आमच्या दारात पोलिसाचा वेष केलेला बहुरूपी यायचा. वॉरंट आहे म्हणून दरडावायचा. आम्ही पोरं माजघरात पळायचो, आजोबा हसत आठ आणे काढून द्यायचे. घरची सीडी हा तसा बहुरूपी आहे. प्लेअर पोरांसारखा फसला तर ती चालते. प्लेअर आजोबा निघाला तर 'नो डिस्क'.

आधी खरा पोलीस पाहू. दुकानातली सीडी छापलेली असते. १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकच्या चकतीवर साच्याने बारीक खळगे उमटवतात, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा, आणि वर संरक्षणाला लॅकर. खळग्यांची रांग चकलीसारखी आतून बाहेर वळत जाते (ग्रामोफोनच्या बरोबर उलट). या चकलीच्या दोन वेढ्यांमध्ये फक्त १.६ मायक्रॉनचं अंतर आहे. आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे पन्नासेक वेढे सहज बसतात. ७४ मिनिटांच्या सीडीवर वीस हजारांहून जास्त वेढे असतात, आणि ती चकली उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरच्या पुढे जाते. डीव्हीडीचे वेढे आणखी जवळ, ०.७४ मायक्रॉनवर. तिची रांग अकरा-बारा किलोमीटरची. तळहाताएवढ्या चकतीत एवढी वाट गुंडाळलेली असते, आणि तिच्यावरून लेझरचा ठिपका एकदाही पाऊल न चुकता चालतो. हे मोटरीवर फिरणाऱ्या, किंचित हिंदकळणाऱ्या प्लॅस्टिकवर घडतं.

मला सगळ्यात भुरळ पडली ती खळग्याच्या खोलीची. ती साधारण ०.१ मायक्रॉन असते, आणि तिच्यामागे हिशेब आहे. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. प्लॅस्टिकमध्ये शिरल्यावर त्याची लाट आखूड होऊन सुमारे ५०० नॅनोमीटरची होते. खळग्याची खोली तिच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास ठेवलेली असते. जाताना पाव आणि येताना पाव, असं मिळून खळग्यातून परतलेली लाट आणि शेजारच्या सपाटीवरून परतलेली लाट अर्ध्या लांबीने मागेपुढे होतात. एकीचा माथा दुसरीच्या दरीत बसतो आणि दोघी एकमेकींना गिळून टाकतात. खळग्यावर आलं की प्रकाश मंदावतो तो असा. यंत्राला काळं-पांढरं काही दिसत नाही, फक्त उजेडाचा चढउतार कळतो. खळगा म्हणजे शून्य आणि सपाटी म्हणजे एक, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. खरं तर खळगा सुरू होतो किंवा संपतो, तो काठ म्हणजे एक. मधला सगळा प्रवास, वर असो वा खाली, शून्यांचा.

फिलिप्स आणि सोनी यांनी ठरवलेली ही पद्धत घेऊन पहिले प्लेअर १९८२ च्या ऑक्टोबरात जपानात विकायला आले. त्या नियमावलीत घरी बसून सीडी तयार करण्याला जागा नव्हती. साचा, दाबयंत्र, धातूचा मुलामा हे घरात कुठून येणार? जपानच्याच ताइयो युदेन कंपनीने १९८८ मध्ये यातून वाट काढली. त्यांनी प्लॅस्टिक आणि धातू यांच्यामध्ये रंगाचा एक थर पसरला. राईटरचा लेझर या थरावर एका ठिपक्यात एवढी उष्णता ओततो की तिथला रंग जळून विघटित होतो, लगतचं प्लॅस्टिकही थोडं फुगतं, आणि त्या जागेवरून प्रकाश कमी परततो. खळगा कुठेच नाही, नुसता डाग आहे. प्लेअर मात्र बिचारा उजेडाचा चढउतारच पाहणार. अंधारलं म्हणजे खळगा असणार, असं समजून तो गाणं म्हणू लागतो. 'सीडी बर्न केली' असं आपण म्हणतो, ते शब्दशः खरं आहे.

मावशीच्या पिशवीतल्या तबकड्यांच्या पोटांचे रंग वेगवेगळे होते ते यामुळेच. हिरवट-निळी झाक सायनिन रंगाची, गडद निळी अ‍ॅझोची, आणि जवळपास रंगच नाही असं वाटणारी फिकट पोपटी थॅलोसायनिनची. आणखी एक गंमत : राईट केलेला भाग आणि कोरा भाग यांच्या छटेत किंचित फरक पडतो. तबकडी तिरकी धरून उजेडात फिरवली तर भाकरीच्या कडेसारखी एक सीमा दिसते. आत लिहिलेलं, बाहेर कोरं. ही खूण ध्यानात ठेवा.

कोरी सीडीही खऱ्या अर्थाने कोरी नसते. रांग चुकू नये म्हणून तिच्यावर आधीच चर पाडलेला असतो, आणि तो चर सरळ जात नाही, बारीक लाटेसारखा डावी-उजवीकडे डुलत जातो. ठरलेल्या वेगाने तबकडी फिरली की ही थरथर सेकंदाला २२,०५० वेळा होते. त्या थरथरीत 'आपण आत्ता कितव्या मिनिटावर आहोत' आणि 'मला लिहायला साधारण किती ताकदीचा लेझर लागेल' ही माहिती गुंफलेली असते. तरीही राईटर तिच्या शब्दावर विसंबत नाही. अगदी आतल्या काठाशी राखून ठेवलेल्या जागेत तो आधी वेगवेगळ्या ताकदीने डाग पाडून पाहतो. पहिलं घावन टाकून तवा तापलाय का ते बघतात ना, तसं. मग कामाला लागतो.

आता तक्रारींकडे. 'लग्न २' ही डीव्हीडी मावसभावाने त्याच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेली. त्याच्याकडे चालते, जगात इतरत्र 'नो डिस्क'. मावशीच्या मते ती बिघडलेली होती, प्रत्यक्षात ती अर्धवट राहिलेली होती. तबकडीच्या सुरुवातीला, आतल्या काठाशी, अनुक्रमणिका असावी लागते. कुठल्याही प्लेअरची पहिली नजर तिथे जाते. पण रेकॉर्डिंग चालू असताना अनुक्रमणिका कशी लिहिणार, अजून काय काय भरलं जाणार तेच ठरलेलं नसतं. म्हणून रेकॉर्डर एका खासगी कोपऱ्यात कच्ची टिपणं ठेवतो. ती कुठे शोधायची हे राईटरच्या जातीच्या यंत्रांनाच ठाऊक असतं. सगळं आटोपल्यावर 'फायनलाइज' ही आज्ञा दिली की पक्की अनुक्रमणिका उमटते. ती आज्ञा द्यायची राहून गेली होती. माळ्यावरचा रेकॉर्डर खाली काढला, तबकडी घातली, फायनलाइज केली. काही मिनिटांचं काम. मधे वीज जाऊ नये एवढीच काळजी. त्यानंतर ती मावशीच्या प्लेअरवर निमूट चालली. ती कचऱ्यात जायची बाकी होती, हे आठवलं की पोटात गोळा येतो. 'नो डिस्क' दिसल्या दिसल्या तबकडी मेली असं समजू नका. आधी ती जन्मली तेच यंत्र शोधा.

'मुंज'ची गोष्ट निराळी. कुणीतरी मूळ व्हीसीडी कॉम्प्युटरवर उघडून त्यातली फाइल उचलली आणि नव्या सीडीवर नुसती टाकली. आत सगळं आहे, पण प्लेअर ढुंकून पाहत नाही. व्हीसीडी म्हणजे नुसती फाइल नव्हे. ती कुठे, कशी मांडायची याचे नियम आहेत. सीडीवरची जागा २,३५२ बाइटच्या कप्प्यांत विभागलेली असते. साध्या फाइली ठेवताना त्यातले २,०४८ बाइट मजकुराला आणि बरेचसे उरलेले चुका दुरुस्त करायला राखतात. व्हीसीडीत चित्राला २,३२४ बाइट देऊन टाकतात. चार ठिपके चुकले तरी चालतील, पण सिनेमा जास्त मावला पाहिजे, असा तो सौदा. फाइल नुसती टाकली की ही मांडणीच नाहीशी होते. उपाय कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा : फाइल परत कॉम्प्युटरवर घ्यायची आणि राईट करताना 'व्हिडिओ सीडी' हाच प्रकार निवडायचा. गाण्यांचंही तेच. एमपीथ्री फाइली भरलेली सीडी जुन्या ऑडिओ प्लेअरसाठी परक्या भाषेतलं पत्र असते.

सोंग कुठे उघडं पडतं याचा सगळ्यात मजेदार नमुना पहिल्या पिढीच्या डीव्हीडी प्लेअरांनी दाखवला. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो. छापील सीडी त्याला नीट दिसते, कारण खळगा हा खळगाच, लाल उजेडातही. पण घरच्या सीडीतला रंग निवडला होता ७८० च्या लेझरकडे पाहून. लाल प्रकाश तो रंग पिऊनच टाकतो. त्यामुळे नवा, महागडा डीव्हीडी प्लेअर दुकानातली सीडी वाजवायचा आणि घरची घातली की आंधळा व्हायचा. शेवटी त्यात सीडीपुरता दुसरा लेझर बसवावा लागला. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूचं दुखणं अगदी उलटं. तिच्यात रंगाऐवजी मिश्रधातू असतो. तो तापवून कधी स्फटिकरूप, कधी विस्कळीत करतात. तिच्यावरून परततो तो जेमतेम १५ ते २५ टक्के प्रकाश. छापील सीडीवरून निदान ७० टक्के यावा, असा नियम. जुन्या प्लेअरला वाटतं, समोर काही नाहीच.

या हिशेबात मावशीचं निदानही बसतं. लेझर म्हातारा होतो, लेन्सवर धूळ बसते. आधी अंतर्धान पावतात त्या मंद चमकणाऱ्या तबकड्या, म्हणजे घरच्या. छापील सीडी ठणठणीत चालत राहते, आणि आपण म्हणतो प्लेअरला काय झालंय, चांगला तर आहे! तिच्या तीन तबकड्या माझ्या कॉम्प्युटरच्या राईटरवर पहिल्या फटक्यात चालल्या. तिथे मावशी बरोबर होती, मी खुल्या दिलाने मान्य केलं. राईटर मुळातच या जातीच्या तबकड्यांशी व्यवहार करायला घडवलेला असतो, म्हणून संशयित तबकडी आधी त्याच्यात घालून पाहावी. एकाने नाकारली तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राईव्हमध्ये.

पाठवणीचे चौकोन मात्र तबकडीचेच होते. वाचन आतून बाहेर जातं, त्यामुळे समारंभाचा शेवट बाहेरच्या काठावर येऊन पडतो, आणि काठ हा तबकडीचा सगळ्यात दुबळा भाग. रंग ओतून चकती गरागरा फिरवून पसरवलेला असतो, तो काठाशी असमान होण्याची शक्यता जास्त. तबकडी किंचित वाकली तर झोल काठावरच जास्त पडतो. बोटांचे ठसेही तिथेच. वर घाई. बरेच राईटर बाहेरच्या बाजूला वेग वाढवत नेतात. स्टुडिओवाल्याने तबकडी काठोकाठ भरली होती. म्हणून नवी डीव्हीडी करताना थोडी जागा सोडावी आणि वेग मध्यम ठेवावा. सगळ्यात मंद वेग सगळ्यात चांगला, हा समज खरा नाही. जलद लिहायला बनवलेला रंग फार हळू तापवला तरी डाग नीट उमटत नाहीत.

चौकोनच का येतात? व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. एक पूर्ण चित्र, मग पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं ते. सोळा बाय सोळा ठिपक्यांच्या चौकटींत हा हिशेब ठेवलेला असतो. एक चौकट बिघडली की तिच्या आधाराने उभ्या पुढच्या चौकटीही ढासळतात, आणि अर्ध्या सेकंदाने पुढचं पूर्ण चित्र आल्यावर सगळं जागेवर येतं. गाण्यात हे जाणवत नाही. ऑडिओ सीडीत एखादा नमुना हरवला तर प्लेअर अलीकडचा आणि पलीकडचा बघून मधला अंदाजाने भरतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांतले एखाद-दोन असे भरले तर कुणाच्या कानाला कळणार? कॉम्प्युटरच्या फाइलला असा अंदाज करता येत नाही. म्हणूनच ओरखडे पडलेली सीडी प्लेअरवर गाते आणि कॉम्प्युटरवर कॉपी करताना अडते.

अंदाजाची वेळ येण्याआधी एक गणित पहारा देत असतं. अर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या अमेरिकन गणितज्ञांनी १९६० मध्ये, म्हणजे सीडीच्या कितीतरी आधी, काही पानांचा एक निबंध छापला. मजकुरासोबत हिशेबाचे काही जादा आकडे पाठवले, तर वाटेत हरवलेले आकडे पलीकडच्या माणसाला परत मिळवता येतात, ही त्यातली कल्पना. सीडीत याला विखुरण्याची जोड दिली. एका क्षणाचा आवाज सलग एका जागी ठेवत नाहीत. घरातलं सोनं एकाच ट्रंकेत न ठेवता चार ठिकाणी लपवतात तसा तो रांगेत दूरदूर पसरतात. अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग रांग पुसली गेली तरी प्रत्येक क्षणाचा थोडा थोडाच भाग जातो, आणि तो गणिताने अचूक भरून निघतो. अंदाजाने नव्हे, हुबेहूब. हेच गणित व्हॉयेजर यानाने युरेनस-नेपच्यूनजवळून चित्रं पाठवताना वापरलं. कोपरा फाटलेला, हळदीचा डाग पडलेला क्यूआर कोड भाजीच्या गाडीवर स्कॅन होतो, त्यामागेही तेच आहे.

सीडी पुसायची रीत यातूनच निघते. ग्रामोफोनच्या सवयीने आपण गोल गोल पुसतो, आणि तिथेच फसतो. गोल ओरखडा एकाच वेढ्याच्या अंगावर लांबवर जातो. अडीच मिलिमीटरची सवलत तिथेच संपते. मध्यापासून काठाकडे सरळ पुसलं, तर ओरखडा पडला तरी हजारो वेढ्यांना आडवा कापत जातो, प्रत्येकाचं नुकसान चिमूटभर. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ मध्ये काढलेल्या जपणुकीच्या पुस्तिकेतही हीच रीत दिली आहे. मऊ सुती कापड, मध्यापासून बाहेर.

आणि चमकदार बाजूपेक्षा जपायची ती लेबलची बाजू. चमकदार बाजूकडून १.२ मिलिमीटर प्लॅस्टिकचं कवच आहे. तिथला उथळ ओरखडा घासून गुळगुळीत करता येतो. टूथपेस्टचा प्रसिद्ध उपाय कधीमधी चालतो तो यामुळेच. तो अखेरचा म्हणून ठेवावा. लेबलखाली मात्र काही मायक्रॉनचं लॅकर, आणि लगेच धातू. बॉलपेनने दाबून नाव लिहिलं की अक्षर थेट गाण्यावर उमटतं. डीव्हीडी तेवढी सुरक्षित. तिच्यात ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये सगळं सँडविचसारखं असतं. 'आप्पांची पंच्याहत्तरी' ही सीडी होती आणि तिच्यावर छापील स्टिकर लावला होता. स्टिकरची कड उचकटलेली दिसली म्हणून कुणीतरी तो ओढून काढला असणार. चांदी स्टिकरला चिकटून निघून गेली होती. तबकडी खिडकीसमोर धरली तर पलीकडचं झाड दिसत होतं. तिथे रीडही नाही आणि सॉलोमनही नाही.

ऊन आणि दमट हवा हे दोन शत्रू उरले. उन्हात कपड्याचा रंग उडतो तसा तबकडीचाही उडतो. शेवटी तो रंगच आहे. दमटपणात धातू काळवंडतो. मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये तर एका सीडीचं प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम पोखरणारी बुरशी सापडली आणि २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी तिची नोंद केली. आपल्या कोकणातल्या पावसाळ्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तबकड्या उभ्या, डबीत, कोरड्या जागी ठेवाव्यात. स्टिकर लावू नयेत.

आता घाई करायला हवी, कारण यंत्रं चालली आहेत. ताइयो युदेनने २०१५ च्या अखेरीस हा धंदा बंद केला. नोएडाची मोझर बेअर एके काळी जगातल्या मोठ्या डिस्क-उत्पादकांत गणली जायची, ती २०१८ मध्ये अवसायनात निघाली. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राईव्ह नसतो. यूएसबीला जोडायचा सुटा राईटर अजून मिळतो, तो शेजारीपाजारी मिळून एक घेतला तरी पुरे. तबकडी चालते आहे तोवर तिच्यातलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, आणि दोन ठिकाणी ठेवा.

मावशीच्या अकरांपैकी नऊ तबकड्या उतरल्या. आप्पांची पंच्याहत्तरी गेली. अकराव्या तबकडीने मला सगळ्यात जास्त छळलं. तीन ड्राईव्ह बदलले, कापडाने पुसली, शेवटी टूथपेस्टही लावली. मग सहज खिडकीशी तिरकी धरली. आतल्या काठापासून बाहेरच्या काठापर्यंत एकच रंग, सीमा कुठेच नाही. तिच्यावर कधी कुणी काही राईट केलंच नव्हतं. वर मार्करने फक्त 'बारसं' एवढं लिहिलं होतं.